काऊन थांबला बे?

वनिताला यंदा, अठ्ठ्याऐंशी साली, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, पहिला चहा यायच्या आत कामावरून काढलं. गुन्हा काय, तर साहेबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ उमटली: 'काऊन थांबला बे?' साहेब पुण्याकडचे, त्यांना तो 'बे' झोंबला. एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओळ पाठवता यायची, आणि कॉम्प्युटर खोलीच्या त्या पाळीत झाडीची बोली बोलणारी एकटी वनिता, पोंभुर्ण्याची, ठेक्यावरची. "असं इथं दुसरं कोण बोलतं?" साहेबांनी विचारलं, आणि चौकशी संपली. मी दुपारच्या पाळीला आलो तर तिची खुर्ची रिकामी.

पण मला सांगायचं आहे ते भाऊंबद्दल. आपल्या सिमेंट कारखान्यातल्या कॉम्प्युटर खोलीचे ते प्रमुख. यंत्राला 'बे' म्हणायचे आणि माणसाला 'जी'. झाडणाऱ्या मावशी आल्या की "या जी, पाय वर घेतो." यंत्र अडलं की "काऊन बे, सासरी जेवाले बसला का?" प्रोग्रामही तसेच लिहायचे. भट्टीचे आकडे यायचे थांबले, की त्यांचा प्रोग्राम त्यांच्या पडद्यावर विचारायचा, 'काऊन थांबला बे?' यंत्राला शिव्या कशाला, असं मी एकदा म्हटलं. म्हणाले, "त्याले राग येत नाई. ज्याले येते त्याले जी मनतो."

घरी निघालेल्या प्रत्येकाला ते दारात अडवत. "जेवून उठला त ताट उचलाले लागते जी." कारण आमच्या कॉम्प्युटरच्या युनिक्स प्रणालीत माणूस लॉगआउट करून निघून जातो, पण त्याने चालू केलेलं काम कधी कधी मागे राहतं. ते त्याच पडद्यावर बोलत राहतं, समोर मग दुसरं कोणीही बसलेलं असो.

भाऊ पोळ्यासाठी गावी गेलेले, म्हणून त्यांच्या प्रोग्रामचा कोणाला संशय आला नव्हता. ते परतले, वनिताचं ऐकलं आणि पिशवी खांद्यावर असतानाच चालू कामांची यादी मागवली. साहेबांच्या पडद्याला एक काम चिकटलेलं होतं. मालक म्हणून नाव भाऊंचं. गावी जायच्या आधी ते त्या पडद्यावर बसून काम करत होते, आणि घाईत ताट त्यांचंच राहिलं होतं. त्या सकाळी भट्टी दुरुस्तीला थांबली आणि प्रोग्रामने विचारलं.

"ते काम मारून टाका न भाऊ," शेजारचा देवराव हळूच म्हणाला. "कोनाले मालूम पडते?"

"वनिताबाईले मालूम हाये न जी."

त्यांनी साहेबांना खोलीत आणलं आणि सगळ्या पाळीदेखत ती ओळ पुन्हा उमटवून दाखवली. साहेब म्हणाले, यंत्राचा बिघाड म्हणू या, मिटवून टाका.

"यंत्राचा काऊन? बे माह्या हाये. बाईले बोलवा."

वनिता परत आली. भाऊंची बदली झाली, एटापल्लीच्या जंगलात चुनखडी शोधणाऱ्या तुकडीवर. आम्ही बसपर्यंत पोचवायला गेलो. खिडकीतून म्हणाले, "तिथी कॉम्प्युटर नाई. आता बे कोनाले मनू जी?" सगळे हसले. वनिता हसली नाही.

तिला परत घेतल्याचा कागद अजून सूचनाफलकावर आहे. त्यात लिहिलंय, 'दयाबुद्धीने'. जिने काही केलंच नाही तिच्यावर दया कसली? आपली चूक भर पाळीत सांगणारा माणूस जंगलात, आणि ज्यांनी न विचारता घालवलं ते दयाळू. तुम्ही कारखान्यातले सगळे रोज त्या फलकाजवळून आत जाता. उद्या थांबा, साहेबांच्या दारात जा, आणि तो शब्द त्यांच्याच हाताने खोडून घ्या.