ठेवली की विणली?

माझं गणित कच्चं आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. कच्चं नव्हतंच ते. बँकेच्या कारकुनीच्या परीक्षेत मी आपटले ती फक्त संभाव्यतेच्या प्रश्नांवर, आणि तिथेही माझा गुणाकार-भागाकार चोख असायचा. खाली दिलेल्या चार पर्यायांत माझं उत्तर नेमकं हजर असायचं, म्हणून मी खुशाल पेन्सिलीने गोल काळा करून पुढे जायची. निकालात ते चूक निघायचं आणि वर मार्कही कापले जायचे. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. यंदा लागले तर बँक, नाहीतर जन्मभर बाबांच्या मागासाठी कांड्या भरणं.

आमचं घर विणकरांचं. बाबा मागावर लुगडी विणत, आई आणि मी त्यांना सुताच्या कांड्या भरून देत असू. भरलेल्या कांड्यांची टोपली मागाशेजारी असे. बाबा न बघताच हात घालून एक कांडी उचलत आणि मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवत.

नागपुरात सीताबर्डीवरच्या क्लासात मी एकटीच मुलगी. एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं: पिशवीत चार लाल आणि सहा पांढरे चेंडू आहेत. एक काढला, रंग पाहिला, परत ठेवला. पुन्हा एक काढला. दोन्ही वेळा लाल येण्याची शक्यता किती?

"दोन छेद पंधरा," मी सगळ्यांच्या आधी ओरडले.

"दुसऱ्या वेळी पिशवीत लाल किती होते?"

"तीन."

"अवं, पण पहिला परत ठेवला ना. फळ्यावर लिहून आहे."

"घेतलेलं काहून परत ठेवते कोणी, सर?" मी विचारलं, अगदी मनापासून.

वर्गात हशा पिकला. आमच्या घरच्या मागाचं सरांना ठाऊक होतं, तेही हसले. "हे पेपर काढणारे लोक रिकामटेकडे असतात, बाई. काढतात, पाहतात, ठेवून देतात. त्यांना कुठे लुगडं पुरं करायचं असते?"

मला राग आला, पण डोक्यात लख्ख उजेडही पडला. टोपलीतली कांडी धोट्यात जाते आणि तिचं सूत लुगड्यात. भरलेली कांडी परत टोपलीत पडताना मी जन्मात पाहिली नव्हती. त्यामुळे 'परत ठेवला' या शब्दांवरून माझी नजर सरळ घसरून जायची.

घरी आल्यावर मी टोपलीशी बसले. कांडी काढायची, रंग बघायचा, परत टाकायची. आई वैतागली.

"काय करून राहिली वं? बाबाले कांडी पाहिजे, अन् तू खेळून राहिली!"

"अभ्यास करून राहिली, आई."

"असा कोणता अभ्यास असते?"

पण माझी सवय मोडली. त्या दिवसापासून प्रश्न वाचला की आधी स्वतःला विचारायची, ठेवली की विणली? मग आकडेमोड. पोरांना कळलं तेव्हा त्यांनी चिडवून हैराण केलं. मी दिसले की कुणीतरी मागून विचारायचंच, "काय बाई, ठेवली का विणली?"

परीक्षेत चेंडू आलेच नाहीत, बल्ब आले. खोक्यात दहा बल्ब, त्यांतले चार उडालेले. न बघता दोन काढून दोन होल्डरांत लावले, तर दोन्ही पेटण्याची शक्यता किती? परत ठेवल्याचा कुठे उल्लेख नव्हता. मी मनात म्हटलं, हा बल्ब तर विणला गेला. म्हणजे आधी दहातले सहा, मग नवातले पाच. एक छेद तीन. पर्याय होता. गोल काळा केला.

बाहेर आले तर सगळी पोरं एकमेकांना टाळ्या देत होती. सगळ्यांचं उत्तर नऊ छेद पंचवीस. मी माझं सांगितलं, तर एक जण म्हणाला, "पुन्हा तेच केलं का वं?" एवढ्या सगळ्यांचं चुकेल कसं? त्या एका प्रश्नावर आपलं वर्ष गेलं, असंच मला वाटलं. तसेच सगळे सरांकडे गेलो.

सरांनी पेपर वाचला आणि पोरांकडे पाहिलं. "एका होल्डरात लावलेला बल्ब खोक्यात परत कसा येईल बे? बाईचं बरोबर आहे. मी एवढं ठेवा-ठेवा शिकवलं, तर तुम्ही लावलेला बल्बही काढून ठेवला!"

मी हसले, आणि चांगली मोठ्याने हसले. सीताबर्डीपासून घरापर्यंत मी चालत गेले, कारण बसमध्ये गप्प बसवलं नसतं.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा बाबांनी माग थांबवला. आईने हात पुसले, पण पत्राला हात लावला नाही.

"घेतलं तुले?"

"घेतलं."

तिने टोपलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "परत तर नाही ना ठेवत ते?"

"नाही आई," मी म्हटलं, शेजारच्या मागांवरही ऐकू जाईल एवढ्या जोरात. "आता नाही ठेवत."