वरचं राष्ट्र, खालचं राष्ट्र

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता धुळ्याच्या कोर्टात लोक शपथेवर काय काय सांगतात ते मी वकील म्हणून रोज ऐकत आलोय, तेव्हा तुम्ही आपलं बेतानंच घ्या. बाररूममध्ये चहा थंड होतो आणि किस्से साचतात. त्यातले निम्मे नानांचे.

नाना आमचे सीनियर. ऐंशीच्या दशकात त्यांना आंतरराष्ट्रीय नदी-कायद्याचं वेड लागलं. वरच्या भाडेकरूची मोरी खालच्याच्या स्वयंपाकघरात गळत होती, तर नाना उभे राहून सांगू लागले, वरच्या राष्ट्राने खालच्या राष्ट्राला इजा पोचेल असं पाण्याशी वागू नये. जज्जसाहेब म्हणाले, "नाना, दोन्ही राष्ट्रांचा घरमालक एकच आहे. पाइप बदलायला सांगा."

*

मग खरं गिऱ्हाईक आलं. पांझरेकाठचे हिलाल आबा. वरच्या गावाने बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या काढायचं नावच सोडलं होतं. खाली डोह हिरवा पडला, मासे उलटे झाले, विहिरी तळाला गेल्या. आणि वरच्या गावचा सरपंच म्हणजे आबांचा सख्खा व्याही, त्यामुळे धड भांडताही येईना.

नानांनी नोटीस धाडली, 'वरचे राष्ट्र यांस'. झालं! सरपंच इस्त्रीची टोपी घालून, मागे दोन माणसं घेऊन बाररूममध्ये हजर. त्यातला एक म्हणे परराष्ट्रमंत्री. नानांनी उठून हात मिळवला. चहा झाला, संबंध सुधारले. पाणी होतं तिथंच.

*

आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला माहेरवाशिणी गौराई बुडवायला नदीवर जातात आणि दोन गावच्या पोरी समोरासमोरच्या काठांवरून एकमेकींना शिव्या घालतात. रीतच आहे, कुणी राग धरत नाही.

पण खाली बुडवायला पाणी कुठंय? आबांच्या मुली गौराई डोक्यावर घेऊन कोरड्या पात्रातून चालत थेट बंधाऱ्यापाशी आल्या. वर उभी कोण, तर सुमन. सरपंचांची लेक, आबांची सून, सणाला माहेरी आलेली. पहिली शिवी तिनं घालायची. खाली नणंदा, शेजारी बाप.

तिनं गौराईकडे पाहिलं, पदर खोचला आणि बापाकडे वळली.

"बाबा, फळ्या काढा. नही ते आज बठ्ठ्या शिव्या तुमलेच देसू."

फळ्या निघाल्या, पाणी धावलं. नाना म्हणाले, तह झाला.

आता एवढं कबूल करतो, फळ्या निघाल्या आणि पाणी धावलं ते मी पदरचं घातलं. शिव्या मात्र सुमननं बापाला सगळ्याच्या सगळ्या दिल्या, मन लावून दिल्या.

गौराई त्या वर्षी आबांच्या अंगणात, घंगाळात बुडाली.