सर विल्यमची खुर्ची

"बसून बघितल्याबिगर पॉलिश मारायचं न्हाई."

धनाजी सुतार हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायचा. आखातात, इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात तो सुतारांचा फोरमन होता, आणि मी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. माणूस आजऱ्याकडचा. खुर्ची जुळून झाली की तो अंगावरचा भुसा झटकायचा, सावकाश बसायचा, पाठ टेकायचा आणि डोळे मिटायचा. खुर्ची कुरकुरली नाही तरच ती पॉलिशवाल्या सचिनकडे जायची. बावीस वर्षांत त्याची एकही खुर्ची परत आली नव्हती. बसमध्ये माझ्या शेजारची पुढची सीट फोरमनची, म्हणजे त्याचीच.

गेल्या वर्षी कारखान्यातला मॅनेजर बदलला. खरं तर तो धनाजीनंच बदलला. सुपरवायझर अरुणकुमारनं एका हॉटेलचे दोनशे दरवाजे अंगावर घेतले होते. ते वेळेवर गेले तर मालक त्याला मॅनेजर करणार होता, नाही तर घरी धाडणार होता. शेवटच्या दिवशी, आपली जागा जाऊ नये म्हणून, जुन्या मॅनेजरनं निरोप दिला, काम थांबवा. चाळीस सुतार हत्यारं खाली ठेवून धनाजीच्या तोंडाकडे बघत राहिले. वरचा पत्रा उन्हानं तडतडत होता. दुपारपर्यंत धनाजी हलला नाही. एकदा या केबिनकडे बघायचा, एकदा त्या. मग उठला, रंधा उचलला आणि म्हणाला, "यल्ला, चला." चाळीस रंधे एकदम चालू झाले.

"जुना आईवरनं शिव्या देतो," बसमध्ये तो मला म्हणाला. "ह्यो निदान नावानं हाक मारतो."

दरवाजे वेळेवर गेले आणि मोठी केबिन अरुणकुमारला मिळाली. तो रोज धनाजीला चहाला बोलवायचा, समोर बसवायचा आणि आल्यागेल्याला हिंदीत सांगायचा, "मी इथं बसलोय तो या माणसामुळं." पहिले काही महिने तो हे हसून सांगत होता. पुढं नुसतंच सांगायला लागला. मग सांगायचंही सोडलं.

धनाजीचा इथं राहायचा परवाना ऑगस्टमध्ये नवा व्हायचा होता आणि त्याला मॅनेजरची सही लागत होती. अजून दोन वर्षं मिळाली की गावाकडं त्याच्या मुलीचं, राणीचं, नर्सिंगचं शिक्षण पुरं होणार होतं. त्या सहीवर त्याचं सगळं अडलेलं होतं.

मार्चमध्ये जवळच्या लुसैल शहरातल्या एका इंग्रजी शाळेचं काम आलं. त्यांना इतिहासाच्या दालनात जुना इंग्रज दरबार उभा करायचा होता. शाळेच्या इतिहासाच्या बाई, स्वप्नाबाई, नकाशे घेऊन स्वतः कारखान्यात आल्या. धनाजी मराठी आहे हे कळल्यावर जमिनीवरच कागद पसरून बसल्या.

"हा राजा सातवा हेन्री," त्या म्हणाल्या. "त्याच्या घराण्यातला पहिला. चौदाशे पंच्याऐंशी साल."

"म्हंजे गादी नवीनच."

"अगदी नवीन. म्हणून तर भोवतीची माणसं महत्त्वाची. ही त्याची आई मार्गारेट. हा चुलता जॅस्पर. हा मॉर्टन, धर्मगुरू, मोठा हुशार."

"चुलता उजव्या हाताला घ्या, बाई. मान त्याचाच. आन् ही कडंची खुर्ची कुणाची?"

"सर विल्यम स्टॅन्ले. लढाईत हा आपली माणसं घेऊन बाजूला थांबला होता. कुणाकडून लढणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. राजा रिचर्ड हेन्रीच्या अगदी जवळ येऊन भिडला, तेव्हा यानं हेन्रीच्या बाजूनं उडी घेतली. रिचर्ड पडला, हेन्री राजा झाला."

धनाजीच्या हातातला रंधा थांबला. "मग?"

"मग याला दरबारात मोठा हुद्दा मिळाला. आणि दहा वर्षांनी त्याच राजानं याचं डोकं उडवलं."

"चोरी केली काय?"

"नाही हो. गादीवर हक्क सांगणारा एक तरुण उभा राहिला होता. तो खरंच आधीच्या एका राजाचा मुलगा असेल तर मी त्याच्यावर हत्यार उचलणार नाही, असं हा म्हणाला म्हणे."

"नुसतं म्हणाला?"

"नुसतं म्हणाला."

धनाजीनं कागदावरच्या कडेच्या खुर्चीवर बोट ठेवलं. "दहा वर्षं कळ काढली, म्हंजे राजा धीराचा होता, बाई."

"मामा," मागून सचिन ओरडला, "तुमचं तर एकच वर्ष झालंय!"

सगळे हसले. धनाजीही हसला. मी मात्र केबिनच्या काचेकडे बघितलं. पडदा हलत होता. एसीच्या वाऱ्यानंही हलला असेल.

एप्रिलच्या शेवटी राजाची खुर्ची जुळली. सागवानी, उंच पाठीची, हातांवर कोरीव गुलाब. धनाजीनं भुसा झटकला, सावकाश बसला, पाठ टेकली, डोळे मिटले. तेवढ्यात सचिननं फोटो काढला आणि 'धनाजीराजे' असं लिहून कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. जेवणाच्या सुट्टीत त्यावर हसण्याचा पूर आला. कुणीतरी लिहिलं, 'केबिनवाल्यापेक्षा शोभतोय.' अरुणकुमारही त्या ग्रुपवर होता. त्यानं फोटो बघितला. लिहिलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी चहाचं बोलावणं आलं नाही. आठवड्यानं अरुणकुमारनं धनाजीकडची लाकडाच्या गोदामाची किल्ली मागवून घेतली. सचिन आता कामाच्या याद्या घेऊन केबिनमध्ये जायला लागला होता, आणि बाहेर येताना त्याच्या तोंडाला चहाचा वास असायचा.

मी म्हणालो, "धना, जा, बोल त्याच्याशी. सांग, बसून बघायची तुझी रीतच हाय."

"आठ वर्षं बघतोय त्यो माझी रीत," धनाजी म्हणाला. "त्याला काय नव्यानं सांगू? आन् सांगाय गेलो, तर मी कायतरी केलंय असं व्हईल, श्रीपती."

मेमध्ये दालन उघडलं. पाचही खुर्च्या लागल्या, प्रत्येकीवर नावाची पाटी. चुलता उजव्या हाताला बसला होता. बाईंनी धनाजीचं ऐकलं होतं. मुख्याध्यापिकेनं अरुणकुमारला कौतुकानं राजाच्या खुर्चीत बसवलं. तो बसला, दोन्ही गुलाबांवर हात ठेवले, जरा मागंपुढं झाला. खुर्ची कुरकुरली नाही. त्यानं मान वळवली. मागं धनाजी उभा होता, सर विल्यमच्या खुर्चीला टेकून.

"धनाजीभाई, यावर किती वेळा बसलास?"

"एकदाच, साब. बसल्याबिगर मी पॉलिशला देत न्हाई."

"हो," अरुणकुमार म्हणाला. "कळतं ना तुला, कुठली खुर्ची किती पेलेल." आणि हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. 

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कागद आला. परवाना नवा होणार नाही. कारण म्हणून 'पुनर्रचना' एवढा एकच शब्द. धनाजीनं तो मला दोनदा वाचायला लावला.

"नुसतं बसलो," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्यानं पटाशा पुसल्या, कापडात गुंडाळल्या. सुतारांपैकी कुणी जागचा उठला नाही. चाळीस जण खाली मान घालून रंधा मारत होते. फाटकात मी बस चालू करून उभा होतो. म्हणालो, "बस की, कॅम्पातल्या खोलीपातूर सोडतो." त्यानं बसच्या दारातून आत बघितलं, मान हलवली आणि चालायला लागला. ऊन डोक्यावर होतं, सावली पायाखाली गोळा झालेली. पटाशांचं गाठोडं काखेत धरून तो कंटेनरच्या रांगेच्या कडेनं जात राहिला. एकदाही वळला नाही.

वर केबिनचा पडदा पुरता बाजूला सारलेला होता. आणि माझ्या शेजारच्या, फोरमनच्या सीटवर बसून सचिन बघत होता.