तिचा एकच नकार

आमच्या गोरेगाव या खेड्यात माझ्या शेजारी राहणारी ही बाई कुणाला नाही म्हणत नाही. समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच तिची मान हललेली असते. थोरल्या दिरासमोर तर पदर डोळ्यांपर्यंत येतो आणि बोलणं 'व्हय' एवढंच उरतं. हृदयाला जन्मापासून भोक आहे, हेही ती सर्दी झाल्यासारखं सांगते.

गेल्या वर्षी किडलेल्या दाढेतले जंतू रक्तातून तिच्या हृदयापर्यंत गेले. ताप हटेना, म्हणून नांदेडला दवाखान्यात ठेवलं. तिथं शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. ते कित्येक आठवडे चालणार होतं. ताप मात्र लवकर उतरला, तोंडावर तजेला आला. इकडं हळदीची काढणी अंगावर आली होती. दीर तिला आणायला जीप घेऊन निघाले, सोबतीला मी गेले.

"चल, बरी झालीस आता. राह्यलेलं औषध घरी घेशील," दीर म्हणाले.

तिनं पदर मागं सारला. "ताप गेला दादा, जंतू गेले न्हाईत. मधीच सोडलं तर दुखणं उलटंल, अन् मग मी उरायची न्हाई. मी येत न्हाई."

दीर माझ्याकडं पाहत राहिले. मी खिडकीबाहेर पाहिलं. जीप तिच्याविनाच परतली.

घरची हळद शिजून वाळत पडली, तेव्हा दीर पुन्हा आपणहून निघाले, मीही सोबत गेले. तिची पिशवी उचलण्याआधी ते नर्सपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, एकबी इंजेक्शन राह्यलं न्हाई ना? बराबर पाहा. राह्यलं असंल तर आमी थांबतो."