देवरावची मागची खोली

आम्ही दारव्ह्याच्या जिनिंगमधले तिघं एकत्र बसलो की देवरावच्या खोलीचा विषय निघतोच. एक किस्सा संपत नाही तोच उस्मानला दुसरा आठवतो. हसतो आम्ही, पण फार वेळ नाही.

देवराव काट्यावर कापूस मोजायचा, उस्मान फिटर, मी ऑफिसात. देवरावच्या बायकोला, कमलवहिनीला, लकवा झाला. अंगणातल्या न्हाणीपर्यंतही जाववेना. म्हणून देवरावनं घरामागं एक खोली काढली. आत मोरी, मोरीत नळ, वर बल्ब, असा बेत. गावात वीज नवीनच आलेली. वायरमन एकच, तोही सदा बाहेरगावी.

देवराव म्हणाला, "त्याची वाट पाहाले कमलजवळ टाइम कुठी हाये? आपणच करू!"

* * *

शेजारी आणि देवराव यांची ओसरी एकच, तिथं दोघांचे मेन स्विच. देवराव स्टुलावर चढला. "मेन बंद केला ना?"

"केला!" उस्मान म्हणाला.

देवरावनं वायर धरली आणि धाडकन खाली आला. उस्माननं शेजाऱ्याचा मेन बंद केला होता! आम्ही घाबरून धावलो. देवराव हात चोळत उठून बसला.

"करंट चांगला हाये!" म्हणाला.

* * *

नळाचा पाइप वहिनींच्या खाटेजवळच्या भिंतीवरून नेला. वर बादली टांगून पाणी सोडून पाहिलं, तर एक सांधा गळायचा. उस्माननं ताग गुंडाळला, सफेदा लावला, पान्हा आवळून आवळून तळहाताला फोड आणले. टिप टिप चालूच!

"वहिनी, उद्या पक्का करतो," तो शरमून म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, उस्मानभाऊ. दिवसभर माह्याजवळ दुसरं कोन बसते?"

* * *

वायरिंग झालं. देवरावनं नव्या खोलीतलं बटन दाबलं. अंधारच! पुन्हा दाबलं, पुन्हा अंधार. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. तिथला बल्ब लागत होता, विझत होता.

"देवा, तुह्या बायकोच्या वाट्याचा उजेड मले कायले देऊन राह्यला रे?"

देवरावनं बटनावरचा हात काढला. राहिलेलं काम त्या दिवशी कोणी केलं नाही.

* * *

पाण्यासाठी भिंतीवर तेलाचा जुना ड्रम चढवला. देवराव विहिरीचं पाणी बादली-बादलीनं भरत होता. ड्रम काठोकाठ भरला आणि भिंतच बसली! विटा, पाणी, चिखल, सगळं मोरीत.

"घ्या, नळाच्या आधी नदी आली!" उस्मान म्हणाला. देवराव वाकून एकेक वीट उचलायला लागला. त्याच आठवड्यात वहिनींना यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागलं.

* * *

तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. वहिनींना परत आणेपर्यंत आम्ही भिंत नव्यानं उभी केली, वायरी बदलल्या. पुढं त्या जेमतेम पोळ्यापर्यंत होत्या. पण मला आठवतो तो त्या परत आल्याचा दिवस. देवरावनं त्यांना उचलून थेट नव्या खोलीत नेलं. बटन दाबलं, बल्ब लागला. नळ सोडला, धार आली. आम्ही दोघं दारात उभे. देवराव लहान पोरासारखा वहिनींच्या तोंडाकडं पाहत होता.

"कशी झाली?"

वहिनींनी नळ पाहिला, बल्ब पाहिला, मग देवरावकडं पाहिलं.

"लई चांगली झाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुसरीले सोपं जाईन."