वहीतला चौथा रकाना

बाईंची सगळी नोकरी औषधांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. नमुना तपासल्याशिवाय एकही खोका फळीवर चढू द्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्या, आई अंथरुणाला खिळली आणि बाई तिच्या सेवेबद्दल ब्लॉग लिहू लागल्या, तेव्हा तोच खाक्या घरी आला.

वाचक सल्ले पाठवीत. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं? आईच्या पाठीवरच्या जखमेला कोणी मध लावा म्हणे, कोणी कॉफीची भुकटी, एकाने तर दात घासायची पेस्ट सुचवली. बाईंनी जाड वही आणली आणि चार रकाने आखले. कोणी सांगितलं, काय सांगितलं, काय झालं, आणि चौथा: स्वतः केलंय का? प्रत्येक सल्ल्याखाली त्या तोच प्रश्न टाकत. निम्मे लोक तिथूनच गुल होत. पेस्टवाल्याने कळवलं, "नाही हो, कुठेतरी वाचलं होतं." दुसऱ्याच्या आईच्या उघड्या मांसावर वाचीव पेस्ट! बाईंना त्या माणसाची शिसारी आली.

एकीवर मात्र त्यांचा भरवसा होता. ती 'अनुभवी' या टोपणनावाने लिही. पहिल्या वेळी बाईंनी विचारलं, तेव्हा तिचं उत्तर आलं, "हो, माझ्या आईचं सगळं मीच केलं." आणि तिचे सल्ले लागू पडत. आई गोळी थुंकते? डॉक्टरांनी खास तुमच्यासाठी पाठवलीय, असं सांगा. केस विंचरू देत नाही? आधी कंगवा तिच्या हातात द्या. आई निमूट ऐके. तीन वर्षांत एकेचाळीस सल्ले झाले. पुढे पुढे बाई तिला विचारीनाशा झाल्या, चौथ्या रकान्यात आपणच बरोबरची खूण करून मोकळ्या होत. कारखान्यात कोणी असा न उघडलेला खोका फळीवर चढवला असता, तर बाईंनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

मग बाईंच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आणि विश्रांती धरून आठ दिवस आईजवळ कोण थांबणार? धाकटी बहीण दोन तासांवर राहते. वर्षातून एकदा येते, दाराजवळच्या खुर्चीत नाकाला रुमाल लावून बसते आणि निघते. "ताई, सुट्टीच नाही गं," ती फोनवर म्हणाली. नाइलाजाने बाईंनी प्रश्न ब्लॉगवर टाकला.

'अनुभवी'चं उत्तर तासाभरात आलं. "आईंना आठ दिवस शुश्रूषागृहात ठेवा. फक्त खोलीच्या दारामागे कपडे टांगू देऊ नका. तिथे माणूस उभा आहे असं वाटून त्या ओरडतात."

खाली लोकांनी स्तुतीचा पाऊस पाडला होता. किती बारीक विचार, धन्य ती लेक!

बाईंनी ते दोनदा वाचलं. आईची ही भीती त्यांनी कधी लिहिली नव्हती. खात्रीसाठी तीन वर्षांचं लिखाण पहिल्यापासून चाळलं, त्यात सकाळ गेली. कुठेच नाही. ही गोष्ट जगात तिघींनाच ठाऊक होती, आईला आणि तिच्या दोन मुलींना.

त्यांनी फोन लावला. "अनुभवी तूच ना?"

धाकटी म्हणाली, "मला मदतच करायची होती गं. माझ्या नावाने सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

"आईचं सगळं मीच केलं, असं लिहिलंस?"

"लिहिताना तसं लिहावं लागतं, ताई."

"बरं. मग आता ये. आठच दिवस."

"सांगितलं ना, सुट्टी नाही. आणि तो वास... मला नाही जमत."

बाईंनी फोन ठेवला. तीन वर्षं त्यांनी आईच्या जखमेतला पू पुसला होता, कधी किळस वाटली नव्हती. आज मात्र वाटली. उंटावरून शेळ्या हाकणारे बाईंनी ढीगभर पाहिले होते, पण ही आपल्याच घरातली शेळी हाकत होती आणि वर टाळ्या घेत होती. आणि आपण? आपण डोळे मिटून खुणा करत बसलो! त्यांनी वही उघडली आणि एकेचाळीस खुणा एकेक करून खोडल्या. बेचाळिसाव्या सल्ल्यापुढे 'नाही' लिहिलं.

सल्ला मात्र खरा होता, हेच तर चीड आणणारं. चार दिवसांनी आईला शुश्रूषागृहात सोडताना बाईंनी दारामागच्या खुंटीवरचा झगा स्वतः काढला आणि परिचारिकेला बजावलं, "इथे काही टांगू नका. ती घाबरते."

परिचारिकेने कागदावर टिपून घेतलं. "तुम्ही दवाखान्यात असताना आजींकडे कोण येईल? नाव लिहायचंय."

"धाकटी मुलगी आहे."

"त्या येतील ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती लिहून कळवते."