गाईड नसलेला पेपर

"आपल्या पोरांना 'इज' आणि 'आर' कुठं वापरायचं ते कळत नाही, आणि तुम्ही त्यांना अमेरिका शिकवणार?"

आमच्या विभागप्रमुख सरांनी असं म्हणत माझा अर्ज टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. तालुक्याच्या गावातल्या त्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये बोलावणं आलं तर नोकरी, नाही आलं तर घरी. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला एक पेपर कॉलेजनं निवडायचा असे. यादीत अमेरिकन साहित्यही होतं. पण आमच्याकडे कायम इंग्लंडच. का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"सर, इतकी वर्षं इंग्लंड शिकवलं. आलं का 'इज' आणि 'आर'?"

स्टाफरूममध्ये चहा पिणाऱ्यांनी माना खाली घातल्या. त्या वर्षी अर्ज गेला तसाच परत आला. पुढच्या वर्षी मी तोच अर्ज पुन्हा लिहिला.

हा हट्ट कुठून आला ते सांगते. मी अवसरीची. घरी शेती, बोलणं सगळं 'व्हतं' आणि 'न्हाई'चं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम.ए.ला पुण्यात गेले तेव्हा कँटीनमध्ये एकदा बोलता बोलता 'लई भारी व्हतं' म्हणाले. टेबलावरच्या मुली हसल्या. वाईट हेतूनं नाही हसल्या, पण मी महिनाभर कमी बोलले. वर्गात इंग्रजी बोलायला उभी राहिले की मॅडम एकच शब्द तीन-तीनदा म्हणून घेत. इंग्लंडच्या कादंबऱ्या मी जीव लावून वाचल्या, त्यातल्या काही आवडल्याही. पण शंभर-शंभर पानं चहापाणी आणि वारसाहक्क चालायचा आणि कामाला कुणी हात लावायचं नाही. त्या कपबश्या धुतं कोण, हे मी शोधत बसायचे.

मग लायब्ररीत अमेरिकन गोष्टींचा एक जाडजूड संग्रह हाती लागला. त्यातली एक गोष्ट कापसाच्या रानात खुरपणारी बाई स्वतःच्या तोंडानं सांगते. दुसऱ्याच वाक्यात क्रियापद चुकलेलं. मी शिस्तीची विद्यार्थिनी. छपाईची चूक समजून पेन्सिलनं दुरुस्त केली. पुढच्या ओळीत तीच चूक. तीही सुधारली. अशी अकरा पानं मी त्या बाईला सुधारत गेले. बाराव्या पानावर थांबले, कारण ती प्रत्येक वेळी एकाच पद्धतीनं चुकत होती. माझी आई कधी 'व्हतं' तर कधी 'होतं' म्हणत नाही. कायम 'व्हतं'च म्हणते. ती चूक नाही, तिची भाषा आहे. इतकं साधं मला कळायला परक्या देशातली एक बाई लागली.

अकरा पानं खोडरबरानं साफ करताना ग्रंथपालांनी मला पकडलं.

"पुस्तकावर काय करताय?"

"हिला सुधारलं होतं. आता परत करतेय."

त्यांना वाटलं असेल, अभ्यासानं पोरीचं डोकं फिरलं. त्यांनी माझं कार्ड पंधरा दिवस अडकवून ठेवलं.

त्यानंतर मी वाचतच गेले. तो देशही एकेकाळी इंग्रजांच्याच ताब्यातला. तिथल्या शिकलेल्या लोकांनाही आपली बोली बिघडलेली वाटायची, आणि लंडननं मान डोलावल्याशिवाय त्यांच्या लिहिण्याला किंमत नसे. मग काही जणांनी आपल्या गल्लीत, आपल्या शेतात जसं बोलतात तसंच लिहायला घेतलं. ज्यांना गुलाम म्हणून आणलं त्यांच्या लेकरांनी लिहिलं. ज्यांची मूळ जमीन गेली त्यांनीही लिहिलं, आणि ज्या भाषेत त्यांना हुकूम मिळायचे त्याच भाषेत उत्तर दिलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की आमच्या पोरांना इंग्रजी शिकायची तर ती फक्त मालकाकडूनच का? मालकाला उलट बोललेल्यांकडून का नको?

तिसऱ्या वर्षी सर वैतागले. "घ्या. एक वर्ष. पण निकाल पडला तर पुढच्या जूनमध्ये तुमचे तास नाहीत."

"लिहून देऊ का?" मी विचारलं.

पहिल्या आठवड्यात वर्गात अकरा जण होते. दुसऱ्या आठवड्यात त्यातले काही मंचरला जाऊन आले आणि तोंड पाडून समोर उभे राहिले. "मॅडम, दोन दुकानं फिरलो. ह्या पेपरचं गाईडच न्हाई." आमच्याकडे पुस्तक कुणी घेत नसे. गाईडातला सारांश पाठ करायचा, 'लेखकाचा जीवनविषयक दृष्टिकोन' नावाचं उत्तर घोकायचं आणि परीक्षेत ओतायचं. मूळ गोष्ट न वाचता तिच्यावर आठ पानं लिहिणारी मुलं मी पाहिली होती. त्यामुळे गाईड नाही म्हटल्यावर मला मनातून आनंद झाला. दोघांनी इंग्रजीच सोडून दुसरा विषय घेतला. नऊ उरले.

मूळ पुस्तक माझ्याकडे एकच होतं. त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि वर्गात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रत्येकानं अर्धं पान वाचायचं. अडलं की थांबायचं, डिक्शनरी उघडायची, लाजायचं नाही. मी पहिल्या दिवशी लेखकाचं चरित्र सांगितलं नाही, कालखंडही सांगितला नाही. फक्त विचारलं, "ह्या गोष्टीत काम कोण करतंय? आणि जमीन कुणाची आहे?" हे दोन प्रश्न आमच्या भागातल्या पोरांना समजावून सांगावे लागत नाहीत.

मग परिच्छेद मराठीत लिहायला सांगितला. डेअरीवर दूध घालून कॉलेजात येणाऱ्या एका मुलानं लिहून आणलं, "ती स्त्री अत्यंत दुःखी होती."

"तुझी आई असं बोलते का रे?"

"नाय."

"मग?"

त्यानं खाडाखोड केली आणि हळू आवाजात वाचलं, "तिला लई वंगाळ वाटलं." वर्ग हसला. मी म्हटलं, आता हेच पुन्हा वाच. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

पण हाच मुलगा एक दिवस उठून म्हणाला, "मॅडम, टीव्हीवर बगा. अमेरिका समद्यांवर बाँब टाकती, आन आपण तिच्याच गोष्टी वाचायच्या?" त्या वर्षी बातम्यांत रोज युद्ध होतं. प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "तू ज्या अमेरिकेवर चिडलास, तिच्यावर तुझ्या आधी तिथलेच लेखक चिडलेत. आपल्याच घरात उभं राहून त्यांनी घरच्यांना जाब विचारलाय. त्या देशाची आरती करायला आपण हे वाचत नाही. जाब कसा विचारतात ते शिकायला वाचतोय." त्याचं समाधान झालं नाही. तो वर्षभर भांडत राहिला. ते मला आवडलं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. घोडेगावच्या वर, डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या एस.टी.नं यायची. धरण झालं तेव्हा तिच्या आजोबांचं गाव पाण्याखाली गेलं होतं. घरचे वर सरकून उतारावर भात आणि नाचणी करत. पहिले तीन महिने ती वाचण्यापुरतं वाचायची, बाकी तोंडातून शब्द नाही.

एका तासाला आम्ही एक जुना प्रवासलेख वाचत होतो. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेला एक गोरा माणूस डोंगरावरून खालच्या खोऱ्याकडे बघतो आणि लिहितो, की सगळी जमीन रिकामी पडली आहे, आमचीच वाट बघते आहे. मागून आवाज आला.

"रिकामी न्हाई ती."

सगळे वळले. मी विचारलं, "कशावरून?"

"तिथं कुणीतरी ऱ्हात आसंल."

"असंल म्हणून चालत नाही. कागदात दाखव."

ती झेरॉक्स घेऊन उठली. बोट ओळीवर ठेवून म्हणाली, "ह्यो म्हनतो, आमी जुन्या वाटेनं उतरलो. वाट हाय म्हंजी कुणीतरी रोज चालतंय. आन हितं खाली लिव्हलंय, लांब धूर दिसला. धूर हाय म्हंजी चूल हाय. त्यानं बघितलंय समदं, पन मानसं हिशेबात धरली न्हाईत."

पुण्यात मला हेच शिकायला दोन वर्षं आणि बरेच जड शब्द लागले होते. लेखकाला जे सांगायचं नाही तेही त्याच्याच ओळीतून बाहेर काढायचं. ह्या मुलीनं ते वाट आणि धूर एवढ्यावर करून दाखवलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरले होते आणि ते वर्गाला दिसायला नको होते.

दारात विभागप्रमुख सर उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"हा इंग्रजीचा तास आहे का ग्रामसभा?"

"इंग्रजीचा आहे, सर. बसा ना."

ते बसले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी बोलावून सांगितलं, की मुलांना अशुद्ध इंग्रजी आणि अशुद्ध मराठी दोन्ही शिकवण्याचं पाप मी करते आहे. मी म्हटलं, "शुद्ध त्यांना परीक्षेपुरतं येतंय, सर, ते मी वेगळं घेते. पण वाचायला येणं त्याहून मोठं आहे."

डिसेंबरात पुण्याच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांचं निबंधवाचन होतं. मी त्या मुलीचं नाव दिलं. सरांनी सही केली, पण म्हणाले, कॉलेजची शोभा करू नका. तिनं कापसाच्या रानातल्या त्या बाईवर लिहिलं होतं. मीच तिला ती गोष्ट दिली होती. स्टेजवर तिनं गोष्टीतला एक उतारा वाचायला घेतला, तर परीक्षकांनी मध्येच थांबवून क्रियापद दुरुस्त केलं. ती थांबली. मग तेच वाक्य तिनं जसंच्या तसं पुन्हा वाचलं. परीक्षकांनी पुन्हा दुरुस्त केलं. सभागृहात हसू पसरलं.

तिनं कागद टेबलावर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द मोजून इंग्रजीत म्हणाली, "सर, ही चूक माझी नाही आणि तिचीही नाही. ती अशीच बोलते. मी तिला दुरुस्त करणार नाही."

परीक्षकांनी हातानं 'पुढे चला' अशी खूण केली. तिनं निबंध पूर्ण वाचला. बक्षीस मिळालं नाही. शहरातल्या एका मुलाला मिळालं, त्याचे उच्चार सुरेख होते.

परतीच्या एस.टी.त राजगुरुनगर मागे पडलं. मग ती म्हणाली, "मॅडम, हात लई कापत व्हते."

"दिसले नाहीत मला."

"म्हनून तर कागद खाली ठिवला."

निकाल लागला. नऊपैकी आठ पास. डेअरीवाला मुलगा नापास झाला, कारण एकाच प्रश्नावर भांडून-भांडून त्यानं अर्धी उत्तरपत्रिका भरली आणि बाकीचे प्रश्न वेळेअभावी राहिले. सरांना तेवढं पुरलं. पुढच्या जूनमध्ये मला बोलावणं आलं नाही. पेपर पुन्हा इंग्लंडचा झाला. वडील म्हणाले, "सरांशी जरा नमतं घ्यायला काय झालं व्हतं?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना दुखावणारं होतं.

दोन वर्षं जुन्नरला एका कॉलेजात तास घेतले. येण्याजाण्यात दिवस जायचा. तिथंही अर्ज केला, तिथंही हेच ऐकलं. मग जुन्या कॉलेजातले आमचे सर निवृत्त झाले, तिथं त्यांचीच कायम जागा निघाली आणि मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला, "अमेरिकनच का?" मी वीस मिनिटं बोलले. थांबवावं लागलं मला. जागा मिळाली. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पेपर बदलला आणि ह्या वेळी कुणाची परवानगी मागितली नाही.

ती मुलगी मध्यंतरी बी.एड. करून डोंगरातल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागली होती. बाहेरून एम.ए.ही करत होती, पेपर अर्थात हाच घेतलेला. एका सुट्टीत भेटायला आली. मला वाटलं, आभार मानायला आली. चहा झाल्यावर म्हणाली, "मॅडम, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल."

"तुम्ही आम्हाला त्या लोकांचं दुःखच वाचायला दिलं. गुलामी, जमिनी गेल्या, मार खाल्ला. मी आता बाकीचं वाचतेय. ती माणसं लई हसतात बी. एकमेकांची टिंगल करतात, थापा मारतात, मालकाला उल्लू बनवतात. ते तुम्ही का न्हाई दिलं? आमच्या वाडीवर कुणी आलं की धरणाचंच विचारतं. आमी हसत न्हाई का?"

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले त्यातच ती चूक काढत होती, तीही माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन. मी म्हटलं, "वेळ कमी असतो, सगळं देता येत नाही." ती म्हणाली, "मग दुःख थोडं कमी करा." मी विषय बदलला. ती गेली.

दोन दिवस मी धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी कपाटातली पुस्तकं खाली काढली आणि थापा मारणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट शोधली. पूर्वी मी ती हलकी म्हणून बाजूला ठेवली होती. जूनमध्ये वर्ष त्याच गोष्टीनं सुरू केलं. पाचव्या मिनिटाला वर्ग असा हसायला लागला की शेजारच्या वर्गातले अर्थशास्त्राचे सर दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, जरा आवाज. शिकवणं चाललंय इकडं."

"इकडंही तेच चाललंय, सर," मी म्हटलं आणि पुढच्या मुलीला वाचायला उठवलं.